न पाहिलेली नाणी

अर्ध्या डॉलरची वीस नाणी एकावर एक रचली की जेमतेम चार सेंटिमीटर उंचीची चवड होते. तिच्याभोवती जाड कागद गच्च आवळलेला, दोन्ही टोकांना त्याची कड आत वळवलेली, आणि त्या कडेच्या आतून केनेडींच्या गालाचा तुकडा नाहीतर गरुडाच्या पंखाची चार पिसं डोकावणारी. अमेरिकेत याला रोल म्हणतात. बॅंकेच्या खिडकीतून दहाची नोट आत सरकवायची आणि ही जडशीळ, थंडगार चवड तळहातावर घ्यायची. दहा डॉलर दिले, दहा डॉलरची नाणी मिळाली. हिशेब तिथल्या तिथे मिटला.

तरीही काही माणसांसाठी तो तिथे सुरू होतो. हा रोल ती खर्च करायला नेत नाहीत, बघायला नेतात. घरी जाऊन कागद फाडायचा, एकेक नाणं उलटसुलट करायचं, त्यात चांदीचं निघालं, छापताना चुकलेलं निघालं, दुर्मिळ सालाचं निघालं तर बाजूला ठेवायचं, आणि उरलेली सगळी पुन्हा बॅंकेत भरायची. याहून लहान किमतीच्या नाण्यांचेही रोल असतात: पेनीचा रोल पन्नास नाण्यांचा, निकेलचा चाळीस, डाइमचा पन्नास, क्वार्टरचा चाळीस. हौस वाढली की माणूस रोलवरून खोक्यावर जातो. अर्ध्या डॉलरच्या एका खोक्यात पन्नास रोल, म्हणजे हजार नाणी, पाचशे डॉलर. वजन अकरा किलोंच्या वर. असं खोकं गाडीतून उतरवून घरात आणणाऱ्या माणसाकडे शेजारी ज्या नजरेने बघतात ती नजर मला चांगली ओळखीची आहे.

कारण ती माझ्यावरही पडते. न्यू जर्सीतल्या आमच्या घरात रात्रीची भांडी आटोपली की कधीकधी मी जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरते. टॉवेल आवाजासाठी. नाहीतर नाण्यांचा खळखळाट वरच्या खोलीपर्यंत जातो आणि वरून विचारणा होते. रोलची कड टेबलाच्या काठावर हलकेच आपटली की कागद तडकतो, मग अंगठ्याने तो उकलत न्यायचा. नाणी टॉवेलवर पसरतात. मी चष्मा लावते आणि बोटं आपोआप फिरू लागतात. आजोळच्या ओसरीवर सुपात तांदूळ निवडत बसलेल्या बायकांची बोटं अशीच फिरत. फरक इतकाच, की त्या वेगळा दिसेल तो खडा उचलून टाकत, आणि मी वेगळा दिसेल तोच ठेवते.

पहिली नजर चेहऱ्यावर जात नाही, कडेवर जाते. हे हळूहळू कळतं. आजचा अर्धा डॉलर, क्वार्टर, डाइम ही तीन थरांची नाणी आहेत: आत तांबं, दोन्ही अंगांना तांबं-निकेलचा पातळ मुलामा. म्हणून कडेवरून बघितलं तर मधोमध तपकिरी रेघ दिसते. चांदीच्या नाण्याला ती रेघ नसते. वीस नाण्यांची चवड आडवी धरावी, दिव्याखाली हळूच फिरवावी. वीस तपकिरी रेघा एकाखाली एक सरकत जातात आणि फार क्वचित, त्यांच्यामध्ये एक पांढरी फट उघडते. त्या क्षणी छातीत काहीतरी हलतं. बाकीचं सगळं नंतर येतं: साल वाचणं, टाकसाळीचं अक्षर शोधणं, खात्रीसाठी टेबलावर टाकून ऐकणं. मुलामा दिलेलं नाणं पडलं की लगेच गप्प होतं. चांदी मात्र थोडा वेळ बोलत राहते. आपल्याकडचे सराफ रुपया फरशीवर वाजवून घेत तो याच कारणाने, आणि 'खणखणीत' हे विशेषण माणसालाही लागलं ते याच आवाजावरून.

अर्ध्या तासात बोटं काळी होतात. एक ओळखीचा धातूचा वास त्यांना चढतो, साबणानेही चटकन न जाणारा. गंमत म्हणजे तो वास धातूचा नसतोच. कातडीवरचं तेल धातूला लागून बदलतं आणि त्यातून तो वास उठतो. नाणं हुंगताना आपण माणसांचा स्पर्श हुंगत असतो.

"आई, पण तासाला किती पडले?" मुलीने एकदा विचारलं. ती हिशेबातली आहे. प्रश्न रास्त होता आणि उत्तर लाजिरवाणं होतं. सुट्टीच्या दिवशी दुकानात उभी राहिले असते तर जास्त मिळाले असते. बरेच रोल, कधी अख्खी खोकी, कोरडी जातात. सापडलं तर एखादं चाळीस टक्के चांदीचं नाणं, ज्यात शुद्ध चांदी जेमतेम साडेचार ग्रॅम. बॅंकेत जाण्यायेण्याचं पेट्रोल धरलं तर हिशेब आणखी बिघडतो. ज्यांना रोज चांदी सापडते ते लोक तुम्हाला व्हिडिओत दिसतात. ज्यांना सापडत नाही ते व्हिडिओ करत नाहीत.

पण दुसऱ्या बाजूने बघा. दहा डॉलरच्या रोलमध्ये काहीच निघालं नाही तर माझे किती गेले? काही नाही. ती नाणी उद्याही दहा डॉलरचीच आहेत. लॉटरीचं तिकीट हरलं की कागद उरतो; इथे हरले तरी मुद्दल हातात असतं. दुनियेतल्या जुगारांत हे असं क्वचितच घडतं, आणि म्हणूनच विचारावंसं वाटतं, की मग यात खरोखर विकत काय घेतलं जातं? पैसे देऊन पैसेच घेतले, तर मधे फिरलेली वस्तू कोणती?

ती कळायला थोडं मागे जावं लागतं.

१९६४ सालापर्यंत अमेरिकेचे डाइम, क्वार्टर आणि अर्धे डॉलर नव्वद टक्के चांदीचे होते. चांदी महागत चालली, सरकारी साठा आटत चालला, आणि बाजारात सुट्ट्या पैशांची टंचाई झाली. त्यातच नोव्हेंबर १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली आणि काही महिन्यांतच, १९६४ च्या मार्चमध्ये, त्यांच्या चेहऱ्याचा नवा अर्धा डॉलर बाजारात आला. लोकांनी तो खर्चच केला नाही. दिवंगत अध्यक्षाची आठवण म्हणून लोकांनी ड्रॉवरमध्ये, दागिन्यांच्या डब्यात, लहान मुलांच्या गल्ल्यात तो ठेवून दिला. २३ जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या नाणेकायद्यावर सही केली. डाइम आणि क्वार्टर यांतली चांदी पूर्ण गेली; अर्ध्या डॉलरमध्ये ती चाळीस टक्क्यांवर आली आणि १९७० नंतर तिथूनही गेली. जुनी चांदीची नाणी साठवून कुणाचा फायदा होणार नाही, असं जॉन्सन यांनी सही करताना लोकांना बजावलं होतं. लोकांनी ऐकून घेतलं आणि साठवत राहिले.

दोन नाण्यांची दर्शनी किंमत एक आणि अंगची किंमत वेगळी असेल, तर माणूस हलकं देतो आणि भारी ठेवतो. त्यासाठी अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. काही वर्षांत चांदी चलनातून जवळजवळ निघून गेली. जवळजवळ, सगळी नाही. कुणी बघितलं नाही म्हणून काही राहिली. आणि अर्ध्या डॉलरचं आणखी एक झालं: तो कुणी वापरीना. यंत्रांना क्वार्टर लागत, गल्ल्यांच्या खणांत मोठ्या नाण्याला जागा नव्हती. तो तिजोऱ्यांत, पोत्यांत, खोक्यांत निजून राहिला. जे नाणं हातातून हातात जात नाही ते कुणाच्या डोळ्याखालूनही जात नाही. म्हणून साठ वर्षांनंतरही चांदी शोधणारे आधी अर्धा डॉलरच मागतात.

आपल्याकडेही हेच झालं होतं. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला, आणि जुने कलदार रुपये ट्रंकांच्या तळाशी, देव्हाऱ्यांत, मातीच्या मडक्यांत गेले. माझ्या आईच्या देव्हाऱ्यातही पंचम जॉर्जचे काही रुपये आहेत. लक्ष्मीपूजनाला ती ते चिंचेने घासते, दूधपाण्याने धुते, हळदकुंकू वाहते. इंग्रजांच्या राजाच्या कपाळावर कुंकवाचं बोट उमटतं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. या नादाला लागल्यानंतर एका दिवाळीला मी गावी गेले तेव्हा ते रुपये पहिल्यांदा नीट बघितले. एकावर साल १९१८. उलटलं, खाली, कमळाच्या फुलाखाली, डोळे बारीक केल्यावरच दिसेल असा एक ठिपका. मुंबई टाकसाळीची खूण. आईने ते नाणं जन्मभर घासलं होतं, ठिपका तिने कधी बघितला नव्हता.

त्या सालाची गोष्ट विलक्षण आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी हिंदुस्थानात चांदीचे रुपये पुरेनासे झाले. सैन्याचा पगार, ताग-कापसाची खरेदी, सगळ्यालाच रुपये हवे होते. सरकारने १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढली. लोकांना ती नको होती. १९१८ च्या वसंतात मुंबईत नोटा घेऊन लोक चांदी मागायला आले, आणि तिजोरीतली चांदी संपत आली. तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे हात पसरला. एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि आपल्या तिजोरीतले २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले. त्यांतल्या जवळजवळ २६ कोटी डॉलरची चांदी हिंदुस्थानासाठी होती. विटा झाल्या, जहाजांत चढल्या, समुद्र ओलांडून आल्या, आणि मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळींत त्यांचे रुपये झाले. एका डॉलरमधल्या चांदीत सव्वादोन रुपये निघतात. आईच्या देव्हाऱ्यातला तो रुपया अमेरिकेच्या डॉलरमधून जन्मला असण्याची शक्यता काही लहान नाही. ती चांदी माझ्या उलट्या दिशेने, माझ्या कितीतरी आधी, प्रवास करून गेली होती.

नाणेसंग्राहकांसाठी या वितळवण्याचा एक दूरवरचा परिणाम झाला. कोणत्या सालाचे, कोणत्या टाकसाळीचे किती डॉलर भट्टीत गेले याची नोंद कुणी ठेवलीच नाही. कामगारांनी पोती रिकामी केली, नाणी ओतली. कुणी चेहरा बघितला नाही, कुणी साल बघितलं नाही. त्यामुळे पाडली किती याचा आकडा पुस्तकात आहे, उरली किती याचा नाही. दुर्मिळतेचं सारं शास्त्र त्या न बघण्याच्या पोकळीवर उभं आहे.

आणि त्या पोकळीतून कधीकधी धक्के बसतात. न्यू ऑर्लीन्सच्या टाकसाळीतला १९०३ सालचा डॉलर हा अनेक वर्षं संग्राहकांचा ध्यास होता. तो बहुतेक सगळा वितळला, अशी समजूत होती. १९६२ च्या अखेरीस सरकारने नाताळच्या मागणीसाठी तिजोरीतली जुनी पोती बाहेर काढली आणि त्यांत हेच नाणं पोत्यापोत्यांनी निघालं. किंमत धाडकन कोसळली. बातमी पसरली तशी माणसं तिजोऱ्यांकडे धावली. एक डॉलरला एक डॉलर, कोणतंही पोतं घ्या. मार्च १९६४ मध्ये सरकारने हे वाटप थांबवलं, आणि तेव्हा पहिल्यांदाच आपल्याकडे उरलंय काय ते नीट बघितलं. नेव्हाडातल्या कार्सन सिटीच्या टाकसाळीचे सुमारे २८ लाख डॉलर निघाले. ते मग दर्शनी किमतीला मिळाले नाहीत. १९७२ पासून सरकारने ते पेट्यांत घालून, कितीतरी पट भावाने, टपालाने विकले.

बघा, नाणं तेच. पोतं तेच. ज्या दिवसापर्यंत मालकाने बघितलं नव्हतं त्या दिवसापर्यंत त्याची किंमत एक डॉलर. ज्या दिवशी मालकाने बघितलं त्या दिवसापासून वेगळी. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला या पोत्यांत सापडलं. रोल विकत घेणारा माणूस नाणी विकत घेत नाही. तो दुसऱ्याचं न बघणं विकत घेतो. बॅंकेतली मुलगी घाईत असते, तिच्या मागे मोजणारं यंत्र असतं, यंत्राला वजन आणि घेर कळतो, साल कळत नाही. या बेफिकिरीला बॅंक काहीही किंमत लावत नाही. म्हणून तो सौदा चांगला.

हे एकदा मनात ठसलं, की रोलच्या बाजारातल्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. १९५० साली डेन्व्हर टाकसाळीने पाच सेंटची निकेल फक्त २६ लाख ३० हजारांच्या आसपास पाडली. जेफरसनच्या चेहऱ्याच्या निकेलमध्ये इतका कमी आकडा आधी कधी नव्हता. बातमी तेव्हाच फुटली. लोकांनी टाकसाळीतून आलेले कोरे रोल, न उघडता, तसेच उचलले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रोलच्या सट्ट्याला असा ऊत आला, की दोन डॉलरच्या या रोलचा भाव हजार डॉलरच्या वर गेला. मग एके दिवशी घेणारे संपले आणि विकणारेच उरले. आज ते नाणं कोरं करकरीत सहज मिळतं. झिजलेलं शोधायला मात्र कष्ट पडतात. सगळ्यांनीच बघितलं होतं, सगळ्यांनीच जपलं होतं. ज्यावर सगळ्यांची नजर असते ते दुर्मिळ कसं होणार?

याच्या दुसऱ्या टोकाला १९०९ ची पेनी आहे: सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीची, मागे खाली शिल्पकार ब्रेनर यांची तीन आद्याक्षरं असलेली. ४ लाख ८४ हजारच पाडली. तेव्हा सेंट न सेंट खर्च होत होता. साल बघून पेनी बाजूला ठेवणारे थोडे. १९३४ च्या सुमारास विस्कॉन्सिनमधल्या नीना गावच्या जे. के. पोस्ट यांनी भोकं पाडलेला एक पुठ्ठा काढला. दर सालासाठी, दर टाकसाळीसाठी एक भोक. मंदीचे दिवस होते, पुठ्ठा स्वस्त होता, पेनी घरात होती. पुढे रॅसीनच्या व्हिटमन कंपनीने ते पुठ्ठे देशभर पोचवले. रिकाम्या भोकाने माणसांना बघायला शिकवलं. त्यानंतर प्रत्येक नाणं थोडं थोडं अधिक बघितलं जाऊ लागलं, आणि चलनातलं डबकं थोडं थोडं उथळ होत गेलं. आमच्या छंदाचं हे जरा टोचणारं वास्तव आहे: मी जो रोल परत भरते तो, मी घेतला होता त्यापेक्षा, गरीब असतो. माझ्या आधीच्याने भरलेला मला मिळतो, माझा पुढच्याला. ज्या बॅंकेतून रोल घेतले त्याच बॅंकेत परत भरू नयेत, असा जाणत्यांचा दंडक आहे. आपणच चाळलेलं पुन्हा आपल्याच ताटात येऊ नये म्हणून. पण ते कुणाच्या तरी ताटात जातंच.

आता बाजारात मिळणाऱ्या त्या दुसऱ्या रोलांकडे वळू. 'न उघडलेला', 'न शोधलेला', 'आजोबांच्या तळघरातून थेट' असे शब्द त्यांना चिकटवलेले असतात. पन्नास सेंटचा पेनीचा रोल, मागणी मात्र वीस-तीस डॉलरची. कागद पिवळा, टोकाशी शंभर वर्षांपूर्वीची इंडियन हेड पेनी नाहीतर एखादा चांदीचा डाइम डोकावतोय. बघणाऱ्याच्या मनात लगेच गणित होतं: टोकाला हे, तर पोटात काय असेल! पोटात बहुधा तीच झिजलेली, पन्नासच्या दशकातली गव्हाच्या लोंब्यांची पेनी असते, जी वजनावर मिळते. जुना कागद मिळतो, कड वळवायचं यंत्र मिळतं, टोकाला लावायचं एक बरं नाणंही मिळतं. प्रामाणिक विक्रेते नसतात असं नाही. पण साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याला या रोलला पन्नास सेंटपेक्षा जास्त मागावेत हे कळतं, त्याला आत काय असू शकतं हेही कळतं. मग त्याने बघितलं कसं नाही? न बघणं हा माल बेफिकीर माणसाकडेच खरा मिळतो. ज्या क्षणी कुणी त्याची किंमत लावतो त्या क्षणी तो खोटा झाला.

टाकसाळीलाही हे मर्म एकदा उमगलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये तिने जाहीर केलं, की न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट पॉइंटच्या टाकसाळीत पाडलेली क्वार्टर नाणी गुपचूप चलनात मिसळणार. त्यावर W अक्षराची बारीक खूण. दर नक्षीची २० लाख. त्या वर्षी पाच नक्ष्या, पुढच्या वर्षी आणखी पाच. विकायची नाहीत, पेटीत घालायची नाहीत. पेरायची आणि सोडून द्यायची. त्या काळात वाण्याकडून परत आलेली मोड मीही तळहातावर पसरून बघत असे, आणि माझ्यासारखे कितीतरी. एक सरकारी खातं लोकांना सुट्टे पैसे बघायची सवय लागावी म्हणून मुद्दाम काही लपवतं, हे मला फार आवडलं होतं.

पण माझा जीव जास्त रमतो तो हाताने बांधलेल्या रोलांत. बॅंकेत कधीकधी असे रोल येतात: कागद मऊ पडलेला, कडा वेड्यावाकड्या, वर पेन्सिलीने आकडा, कधी खातेक्रमांक, कधी नुसती बरोबरची खूण. यंत्राने बांधलेल्या रोलमध्ये नाणी सगळ्या देशातून ढवळून आलेली असतात. हाताने बांधलेला रोल मात्र एका घरातून आलेला असतो. तो उघडला की एका माणसाचा काळ टेबलावर पसरतो. सगळी नाणी एकाच दशकातली, मग अचानक थांबलेली. मधे एखादं कॅनडाचं नाणं, एखादं बर्म्युडाचं डुकराचं, एखादं देवळाच्या, नव्हे, चर्चच्या जत्रेतलं टोकन. कुणीतरी रोज संध्याकाळी खिसा रिकामा करत असेल. बरणी भरली की रविवारी बसून बांधत असेल. आणि एके दिवशी त्याच्या मुलांनी घर आवरताना ती बरणी, तिच्यात काय आहे ते न बघता, बॅंकेत नेऊन दिली असेल. अशा रोलमध्ये चांदी निघाली की आनंद होतो आणि त्याच्या शेपटीला थोडी खंतही येते. हे कुणीतरी आपल्या माणसांसाठी ठेवलं होतं. त्यांनी बघितलं नाही म्हणून ते मला मिळालं.

तेव्हापासून घरातलं काहीही टाकताना, देऊन टाकताना, मी आधी बघते. आईला फोनवर सांगितलं, की त्या रुपयांमधला एक डॉलरचा मुलगा आहे. ती म्हणाली, "असू दे गं, लक्ष्मी ती लक्ष्मी." पण पुढच्या लक्ष्मीपूजनाला तिने भाच्याला जवळ बसवून तो ठिपका दाखवला, असं कळलं.

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. १७९३ पासून चालत आलेलं नाणं थांबलं. एक सेंटचं नाणं पाडायला साडेतीन सेंटहून जास्त खर्च येत होता. सरकारी अंदाजाने ३०० अब्ज पेनी अजून लोकांच्या घरांत, गाड्यांत, बरण्यांत पडून आहेत. त्यांतल्या १९८२ च्या आधीच्या पंचाण्णव टक्के तांब्याच्या, ३.११ ग्रॅमच्या, नंतरच्या जस्ताच्या, अडीच ग्रॅमच्या. तांब्याचा भाव बघता जुन्या पेनीचं पोट तिच्या तोंडापेक्षा महाग आहे. मात्र २००६ च्या डिसेंबरपासून त्या वितळवायला बंदी आहे. तरी माणसं त्या वजनकाट्यावर वेगळ्या करून बादल्यांत भरून ठेवतात. उद्या बंदी उठेल या आशेवर. मला ती आशा कळते, पण त्या बादल्यांत बघण्यातली मजा नाही. तिथे सालही पुरतं, चेहरा लागत नाही.

तर मग संग्राहकाने रोल घ्यावेत का? पुठ्ठ्यावरचं एक ठरावीक भोक भरायचं असेल तर घेऊ नयेत. सरळ दुकानात जाऊन ते एक नाणं विकत घ्यावं. स्वस्त पडतं आणि वेळ वाचतो. चांदी जमवायची असेल तरी घेऊ नयेत. चांदी वजनावर मिळते. 'न शोधलेला' म्हणून चढ्या भावाने मिळणारा तर मुळीच घेऊ नये. घ्यावा तो बॅंकेतून, दर्शनी किमतीला, अर्ध्या डॉलरचा नाहीतर हाताने बांधलेला, आणि हातात मोकळी संध्याकाळ असेल तेव्हाच. मोबाइलवर टिचकी मारून पैसे देणाऱ्या या दिवसांत नाण्यांकडे बघणारे डोळे कमी होत चालले आहेत, म्हणजे आमच्या धंद्याला बरकतच आहे. मुलीच्या हिशेबाने मी तोट्यात आहे आणि तिचा हिशेब चुकीचा नाही. पण ज्या गोष्टीकडे कुणीच बघत नाही तिच्याकडे नीट बघण्याची मजुरी ठरवणारा कायदा अजून कोणत्याही देशाने केलेला नाही, आणि तोवर मी माझे दर स्वतःच ठरवणार.